शीख सैनिकांच्या मिनिएचर्स रंगवतोय, पगडीला रंग कोणता द्यावा?

कुंचलेश्वर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

झालं असं की माझा एक मित्र पाचेक वर्षं इंग्लंडात होता, तिथे तो टेबलावरच्या वॉरगेमिंगच्या (छोटे सैनिक मांडून, फासे टाकून लढाया खेळायच्या) नादाला लागला, आता परत येऊन संसारात पडलाय आणि घरात जागा नाही म्हणून त्याने एक पिशवी माझ्या गळ्यात मारली. पिशवीत ४३ शीख सैनिक. सगळे २८ एमएम, पांढऱ्या धातूचे, एकालाही रंगाचा थेंब लागलेला नाही. मी आत्तापर्यंत फक्त रणगाड्यांची प्लॅस्टिक किट्स केलीत, तिथे सगळं एकाच हिरव्या-मातकट रंगात उरकतं, माणसं रंगवायचा अनुभव शून्य.

काल रात्री सगळे जेवणाच्या टेबलावर मांडून मोजले (आई म्हणाली चाळिशीत बाहुल्या काढल्यास का, ते सोडा). ११ जण उंच निमुळत्या पगडीचे, पगडीभोवती कडी अडकवलेली. १८ जण कोट, छातीवर फुलीचे पट्टे आणि संगीन लावलेल्या बंदुका. ९ जणांच्या पायाला पट्ट्या गुंडाळल्यात, त्यांची बंदूक वेगळी, चापाच्या मागे खाली लिव्हरसारखं काहीतरी. ४ स्वार, पण घोडे दोनच. आणि एक एकटा म्हातारा, लांब दाढी, हातात उपसलेली तलवार.

यातल्या पायपट्टीवाल्याला मी झकासपैकी केशरी पगडी दिली, सिनेमात तशीच होती. मित्राला फोटो पाठवला तर त्याने फक्त हसण्याचे तीन इमोजी टाकले आणि गप्प. तर प्रश्न साधा आहे, पगडी कोणत्या रंगाची?

खिचडी_काकू
घोडे दोन आणि स्वार चार? डबलसीट बसवा, आपल्याकडे चालतं.

मिनी_मावळा
फोटो टाका, नाहीतर धागा खोटा.

तोफखाना_नगर
कुंचलेश्वर, प्रश्न साधा नाही, कारण तुमच्या पिशवीत एक सैन्य नाही, चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतरावरची दोन आहेत. आधी ती वेगळी करा.

पायपट्ट्या आणि लिव्हरवाली बंदूक म्हणजे मार्टिनी-हेन्री. ते ९ जण ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेतले शीख, वायव्य सरहद्दीवरचे, १८८०-९० च्या दशकातले. तुम्ही ज्या सिनेमाबद्दल बोलताय ती सारागढी, १२ सप्टेंबर १८९७, ३६वी शीख पलटण, हवालदार ईशरसिंग आणि आणखी २०. ते लढले तेव्हा अंगात खाकी आणि डोक्यावरही खाकीच. गोऱ्या पलटणींकडे तोवर ली-मेटफर्ड आली होती, देशी पलटणींना मात्र जुनी मार्टिनीच, १८५७ नंतर एक पिढी मागचं हत्यार द्यायचं धोरण होतं. केशरी रंग सिनेमावाल्यांचा. पडद्यावर छान दिसतो, नाही म्हणत नाही.

बाकीचे सगळे खालसा फौजेचे, म्हणजे लाहोरच्या शीख राज्याच्या फौजेचे, ब्रिटिशांच्या *विरुद्ध* लढलेले. पहिलं इंग्रज-शीख युद्ध १८४५-४६, दुसरं १८४८-४९. कोटवाले १८ म्हणजे फौज-ए-आईन, कवायती पायदळ. रणजितसिंहांनी १८२२ पासून व्हेंचुरा आणि अलार्ड या नेपोलियनच्या फौजेतल्या जुन्या अधिकाऱ्यांना नोकरीत घेतलं, पुढे तोफखान्यासाठी कूर्त आला, अवितबिले आला. कडीवाले ११ म्हणजे अकाली-निहंग, शिखांमधला शस्त्रधारी पंथ. स्वार म्हणजे घोडचढे.

म्हणजे या ९ जणांचे आजोबा त्या १८ जणांत असू शकतात, हे ध्यानात ठेवून रंगवा. मजा येईल.

कुंचलेश्वर
बाप रे. म्हणजे मी आजोबा आणि नातू एकाच टेबलावर एकमेकांशेजारी उभे केले होते.

शंकासुर
काडी टाकतो. हा सगळा खेळ मुळात साहेबाने साहेबाच्या करमणुकीसाठी केलेला. एका बाजूला शिस्तीत लाल डगलेवाले, दुसऱ्या बाजूला झुंडीने येणारे ‘नेटिव्ह’. आपण पैसे देऊन आपल्याच लोकांना मारायचं आणि वर फासे टाकून टाळ्या पिटायच्या, यात काय मौज? आणि शीखच का, मराठे का नाहीत? आपला काय संबंध?

लीड्सकर
शंकासुर, पहिला मुद्दा अर्धा मान्य. या खेळाचे १९७९ सालचे जे गाजलेले नियम आहेत, द सोर्ड अँड द फ्लेम, त्यात पत्ते काढून चाल ठरते, लाल पत्ता आला की ब्रिटिशांची, काळा आला की नेटिव्हांची. इथल्या क्लबात अजून तो खेळ चालतो. तिथे बहुतेक वेळा एका बाजूची माणसं मोजून-मापून रंगवलेली आणि दुसरी बाजू म्हणजे तपकिरी चेहरे, मळकट कपडे, संध्याकाळभरात उरकलेली. मला ते पहिल्यापासून खटकायचं.

पण शीख युद्धात हे चालतच नाही! ती झुंड नव्हतीच. समोर तुमच्याइतकीच कवायत केलेलं पायदळ, तुमच्यापेक्षा भारी तोफा. फेरोजशहाला, २१-२२ डिसेंबर १८४५, गव्हर्नर जनरल हार्डिंज स्वतः रणांगणात होता आणि रात्री त्याला आपण हरलो असं वाटायला लागलं होतं. चिलियाँवालाला, १३ जानेवारी १८४९, ब्रिटिशांचे दोन हजारांवर लोक ठार-जखमी झाले. ब्रिटिश पायदळाची २४वी पलटण बंदुकीचा बार न काढता नुसत्या संगिनीवर तोफांच्या तोंडी गेली आणि चिरडली गेली. हीच पलटण पुढे १८७९ मध्ये झुलूंनी इसांडलवानाला कापली. नशीबच एकेकाचं.

म्हणून मी क्लबात नेहमी खालसा घेतो. मागच्या हिवाळ्यात सलग तिसऱ्यांदा गफला मारलं तेव्हा समोरचे आजोबा म्हणाले की तू इतिहास बिघडवतोयस. म्हटलं हो, त्याचसाठी येतो मी दर गुरुवारी.

खिचडी_काकू
गफला मारलं म्हणजे काय मारलं?

लीड्सकर
सॉरी, टाइप करताना गोंधळ. गफला म्हणजे गफ ला. जनरल ह्यू गफ, ब्रिटिश सरसेनापती.

तोफखाना_नगर
@शंकासुर, ‘आपला काय संबंध’ याचं उत्तर. दुसऱ्या शीख युद्धात मुलतानच्या वेढ्याला मुंबईहून कुमक गेली होती. १८४८ च्या डिसेंबरात पोचली, जानेवारी १८४९ मध्ये शहर आणि मग किल्ला पडला, तिथून पुढे ती गुजरातच्या लढाईत होती. (गुजरात म्हणजे चिनाबजवळचं पंजाबातलं गाव, ढोकळ्याचं नाही.) तिसरी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री म्हणजे आजची मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. तिच्या युद्धसन्मानांत मुलतान आणि गुजरात दोन्ही आहेत. म्हणजे आपली माणसं त्या रणात होती, फक्त कुठल्या बाजूला होती ते सांगताना घसा जरा खाकरावा लागतो.

आणि रणजितसिंहांनी जे १८२२ नंतर केलं तेच महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपी अधिकाऱ्याकडून चाळीस वर्षं आधी करून घेतलं होतं. यशवंतराव होळकर १८०५ मध्ये ब्रिटिश सेनापती लॉर्ड लेक पाठीवर असताना मदत मागायला थेट अमृतसरपर्यंत गेले होते. संबंध काढायचे तर पुष्कळ निघतात.

शंकासुर
बरं, माघार घेत नाही पण बसून घेतो. चालू द्या.

पेणचा_पक्या
हिस्टरी वाचून डोकं गरगरलं, मी रंगाचं बोलतो. आमचा गणपतीचा कारखाना आहे, पेणला, वडिलांपासून. मिनिएचर मी कधी केली नाही पण मूर्तीवर बसतो ते उंदीर दोन बोटांएवढे असतात त्यामुळे लहान काम माहिती आहे.

तुम्ही पहिली चूक करणार ती डोळ्यांची, लिहून ठेवा. सगळे नवीन लोक आधी पांढरा ठिपका देतात मग काळा, मग तो माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. आमच्याकडे डोळ्यांची आखणी करणारा माणूस वेगळा असतो, तो दुसरं काही करत नाही, हंगामात त्याला चहा पण हातात आणून देतात. एवढ्या लहान चेहऱ्यावर पांढरा लावूच नका. खोबणीत गडद तपकिरी सोडा, त्यावर मळकट पिवळट पांढरी बारीक रेघ, आणि मध्ये वरून खाली काळी उभी रेघ ओढा, ठिपका नाही रेघ. ती वरच्या पापणीला भिडली पाहिजे. श्वास सोडून झाला की मग ब्रश टेकवायचा. आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून धरा, हात हलत नाही.

कुंचलेश्वर
पक्यादादा, साष्टांग दंडवत. मनगटाची युक्ती आत्ताच करून बघितली, खरंच थरथर थांबते.

चेहऱ्याचा रंग कोणता? माझ्याकडे बाटलीवर ‘फ्लेश’ लिहिलेला आहे तो गुलाबी निघाला.

लीड्सकर
तो फेका. म्हणजे फेकू नका, गफला लावा.

मी आधी विटकरीकडे झुकणारा गडद तपकिरी सगळ्या चेहऱ्याला देतो. मग त्यात पिवळसर मातकट मिसळत नाक, गालाची हाडं, कपाळ, खालचा ओठ असं वर आणतो. शेवटचा हात अगदी थोडा, नाकाच्या शेंड्यावर. गुलाबी कुठेच नाही. आणि एका रंगात सगळे नकोत, चार-पाच वेगळ्या छटा ठेवा, कारण ती फौज नुसती शिखांची नव्हती. पंजाबी मुसलमान होते, पुरबिये (अवध-बिहारकडचे) होते, गोरखे होते. तोफखान्यात तर मुसलमान गोलंदाज मोठ्या संख्येने. त्यामुळे १८ च्या १८ जणांना छातीवर रुळणारी दाढी असेल तर दोनचार जणांची तासून मिशीवर आणा.

तोफखाना_नगर
+१. नेपाळात फौजेत नोकरीला जाणाऱ्याला आजही ‘लाहुरे’ म्हणतात, तो शब्द या लाहोरच्या नोकरीवरूनच.

कोटवाल्यांचं सांगायचं राहिलं. १८३० च्या दशकात पांढरे कपडे आणि रंगीत पगड्या, १८४५ पर्यंत लाल कोट रुळले होते. म्हणजे दोन्हीकडे लाल! टेबलावर तीन फुटांवरून ओळखायला एकच सोपी खूण, कंपनीच्या शिपायांचे फुलीचे पट्टे पांढरे, खालसाचे काळ्या चामड्याचे. विजार पांढरी किंवा निळी. पगडीचा रंग पलटणीगणिक वेगळा, त्यामुळे इथे तुम्हाला मोकळीक आहे, फक्त एका पलटणीत एकच ठेवा.

रंगीला_रतन
लाल रंगाबद्दल माझी भर. पांढऱ्या प्रायमरवर लाल कितीही वेळा लावा, खालून डोकावत राहतो, टोमॅटो सूपसारखा. आधी काळपट विटकरी द्या आणि त्यावर लाल. उजळ करायला पांढरा मिसळलात तर गुलाबी कोट होईल, नारिंगी मिसळा. हे मी ६० माणसं गुलाबी केल्यावर शिकलो. ती पलटण आमच्याकडे ‘बडीशेप रेजिमेंट’ म्हणून ओळखली जाते.

नांदेडकरीण
धागा भारी चाललाय. मी गुरुद्वाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर राहते. घरात पंजाबी, शाळेत मराठी, बाजारात दखनी, त्यामुळे मी इथे हक्काने लिहिते. तीन गोष्टी.

पहिली, तुमच्या ११ जणांच्या डोक्यावर जे आहे त्याला दुमाला म्हणा, आणि त्या कड्यांना चक्कर किंवा चक्र. शोभेची नाहीत ती, बाहेरची धार लावलेली पोलादी चक्रं असतात, फेकायचं हत्यार.

दुसरी, रंग. नेटवर फोटो बघून लोक निहंगांना रॉयल ब्लू मारतात, शाळेच्या युनिफॉर्मसारखा. आमच्याकडे हल्लाबोलच्या मिरवणुकीला निहंग जथे येतात ते लहानपणापासून बघतेय. नवं कापड गडद असतं, जवळजवळ काळं वाटावं असं निळं. पण जुनं कापड बघा. एका बाबाजींचा दुमाला मी अगदी जवळून बघितलाय, लंगरमध्ये माझ्यासमोर पंगतीत बसले होते. आतल्या घड्या अजून गडद होत्या आणि बाहेरचे काठ उन्हाने राखाडी-जांभळट झालेले, चक्राच्या खाली जिथे पोलाद घासतं तिथे कापडावर गंजाची तांबूस रेघ उमटलेली. ती रेघ काढा कोणीतरी, प्लीज. दुमाला एकसारखा निळा रंगवला की प्लॅस्टिकच्या टोपीसारखा दिसतो.

तिसरी थोडी गंभीर. रंगवा, खेळा, मला काही वावगं वाटत नाही, माझा भाऊ तर वेडा होईल हे बघून. फक्त कोणी गुरूंची मिनिएचर करू नका, विकत मिळाली तरी घेऊ नका, गुरूंची मूर्ती आम्ही करत नाही. आणि खेळताना टेबलाच्या कडेला ॲशट्रे ठेवून निहंग मांडू नका. एवढंच.

कुंचलेश्वर
नांदेडकरीण ताई, नक्की. घरात कोणी ओढत नाही, चहाचा कप चालेल ना? ब्रश दोनदा चुकून त्यातच बुडवलाय.

नांदेडकरीण
चहा चालेल. कप स्टीलचा असेल तर अजून बरं :)

लीड्सकर
ताईंच्या पहिल्या मुद्द्याला जोडून. इथे लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये असा एक जुना दुमाला ठेवलाय. आतला सांगाडा वेताचा, त्यावर निळं कापड आणि त्यावर चक्रं. मी काचेला नाक लावून बघत होतो, पहारेकरी दोनदा खाकरला. शेजारच्या मुलाला वडील ‘फ्रिस्बी’ म्हणून सांगत होते, मला राहवलं नाही, पाच मिनिटं पकडून समजावलं.

मिनिएचरवरची चक्रं जाड असतात, पाव इंची कढीपत्त्याच्या... सॉरी, उपमा सुचत नाहीये. जाड असतात. खटकत असेल तर तासून टाका आणि बारीक तांब्याची तार ब्रशच्या दांडीभोवती गुंडाळून, एक वेटोळं कापून, हातोडीने हलकं ठोकून चपटं करा. आधी काळं, मग स्टील.

मिनी_मावळा
झेंड्यावर खंडा काढायचा का? भावाने डेकल (चिकटवायचं चित्र) प्रिंट करून दिलंय.

नांदेडकरीण
नको ना. आज आपण जे चिन्ह बघतो, मध्ये खंडा (दुधारी तलवार), भोवती चक्र आणि दोन किरपाणी, ते या रूपात बरंच अलीकडचं, विसाव्या शतकातलं. त्याआधी निशाणावर कट्यार, ढाल, तलवार असायची. आणि रंगाचंही, बसंती किंवा सुरमई. २०२४ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने परत सांगितलं की निशाणसाहिब (गुरुद्वाऱ्यावरचा झेंडा) याच दोन रंगांत असावं. सुरमई म्हणजे तोच तो करडा निळा.

शंकासुर
परत आलो. सारागढी खेळणार कशी? शेवट सगळ्यांना माहिती आहे. २१ विरुद्ध हजारो, एकही वाचत नाही. हा खेळ आहे की फाशी?

बाबा_बाहुलीवाले
शंकासुर, हा एवढ्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

मी ६७ वर्षांचा, निवृत्त, नातवाबरोबर खेळतो. आम्ही ती तीनदा खेळलो. जिंकणं-हरणं काढून टाकलं. सारागढी चौकी मुळात होती कशासाठी, तर लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे दोन किल्ले एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये हिने आरशाने ऊन चमकवून संदेश पोचवायचे. म्हणजे ही चौकी जितका वेळ उभी तितका वेळ पुढच्या किल्ल्याला मिळतो. आम्ही वेळच मोजतो. प्रत्यक्षात सकाळी नऊच्या सुमारास सुरू होऊन दुपारी तीनच्या पुढे गेलं, आम्ही अर्ध्या तासाची एक खेळी धरली, म्हणजे बारा खेळ्या टिकलात तर तुम्ही ईशरसिंगांना गाठलंत. आजवर नातू नऊपर्यंत पोचलाय, मी सातपर्यंत.

आणि एक नियम घरचा. शिपाई गुरमुखसिंग आरशापाशी आहे तोवर प्रत्येक खेळीला एक संदेश जातो, म्हणजे एक गुण. पण तो बंदूक घेऊन खाली उतरला की संदेश बंद. त्याने खरंच शेवटी परवानगी मागून आरसा आवरला होता आणि मग बंदूक उचलली. माझा नातू ११ वर्षांचा, एरवी फासे टाकताना माकडासारखा नाचतो, त्या खेळीला दर वेळी गप्प होतो. ‘आजोबा, आता आवरू का?’ असं विचारतो. मी काही सांगत नाही.

त्यामुळे ९ जणांवर थांबू नका, आणखी १२ मिळवा. आर्टिझन कंपनीच्या नॉर्थ-वेस्ट फ्रंटियर रेंजमध्ये शीख पायदळ आहे, २८ एमएमच.

खिचडी_काकू
मी इथे टिंगल करायला आले होते, आता डोळे पुसतेय. वाचनखूण साठवली.

रंगीला_रतन
बाबा, सुंदर.

मूड बदलतो. पावसाळा येतोय, स्प्रे व्हार्निशची खबरदारी घ्या. दोन वर्षांपूर्वी जुलैत, डोंबिवलीला, गॅलरीत उभं राहून तीस अफगाण व्हार्निश केले. सकाळी बघतो तर सगळ्यांवर बर्फ पडलेला. दमट हवेत मॅट व्हार्निश पांढरं पडतं. नेटवर वाचलं की ऑलिव्ह तेलाचा हात फिरवा, घरात नव्हतं, खोबरेल लावलं. रंग परत आला म्हणजे बऱ्यापैकी आला पण महिनाभर कपाट उघडलं की शाळेच्या पहिल्या बाकासारखा वास यायचा. शेवटी ग्लॉस व्हार्निशचा हात ब्रशने मारला, त्याने खरं काम झालं, मग दिवाळीनंतर कोरड्या हवेत त्यावर मॅट.

पेणचा_पक्या
स्प्रे पावसात करायचाच नाही. आमच्याकडे ऐन हंगाम पावसातच, तर बल्ब लावून खोली तापवतो. तुमच्या ४३ जणांना खोका आणि साठचा बल्ब पुरेल.

लीड्सकर
आता मला एक प्रश्न. अलिवाल, २८ जानेवारी १८४६. सोळाव्या लान्सर्सनी (ब्रिटिश भालाईत स्वारांनी) हल्ला केला तेव्हा अवितबिलेच्या तालमीतल्या शीख पलटणींनी चौकोन नाही केला, त्रिकोण केला. टोक घोडदळाकडे. लान्सर्स आत घुसले, आरपार गेले, परत फिरून आले तरी ही माणसं बंदुका टाकून तलवारी काढून लढत होती. मला हा त्रिकोण टेबलावर हवाय. पण माझी माणसं चारचारच्या चौकोनी बेसवर चिकटवलेली आहेत, त्रिकोण केला की पायऱ्यांसारखं दिसतं. कोणी केलंय?

मिनी_मावळा
चौकोनी बेस उखडा, एकेकाला गोल नाण्यावर लावा. मी जुनी २५ पैशांची नाणी वापरतो, तशीही चलनातून गेलीत.

तोफखाना_नगर
किंवा त्रिकोणी ट्रे करून घ्या, त्यात गोल खाचा. ॲक्रिलिकच्या पाट्या करणारे लेझरने कापून देतात. मी इथे नगरला करून घेतले, त्याने विचारलं ‘साहेब, लग्नाच्या रुखवतात ठेवायचंय का?’

आणि खालसाचा सेनापती तेजसिंग, त्याचा नियम लावता की नाही? आम्ही लावतो. फेरोजशहाला दुसऱ्या दिवशी ब्रिटिशांचा दारूगोळा संपत आला होता आणि हा ताजी फौज घेऊन समोर येऊन परत फिरला. आमच्याकडे खालसाचा खेळाडू दर खेळीला तेजसिंगाच्या नावाने फासा टाकतो, १ ते ३ आला की ती राखीव फौज जागची हलत नाही. लोक शिव्या घालतात. मागच्या वेळी सलग पाचदा २ आला, खेळाडूने फासा खिडकीबाहेर फेकला. खाली भाजीवाला होता, त्याने वर आणून दिला, म्हणाला ‘तीन पडलेत’.

खिचडी_काकू
😂😂 भाजीवाला फितूर.

कुंचलेश्वर (अडीच महिन्यांनी)
धागा वर आणतोय, माफी. अहवाल.

१८ कोटवाले झाले. विटकरीवर लाल, नारिंगीने उजळ, काळे पट्टे, पिवळ्या पगड्या. चौघांच्या दाढ्या तासल्या, त्यात एकाची हनुवटी गेली, त्याला मफलर दिलाय. ११ निहंग झाले, आठ जणांचे दुमाले ताईंच्या सांगण्याप्रमाणे काठाला राखाडी केलेत आणि तीन नवे ठेवलेत. गंजाची रेघ सगळ्यांना काढली. पहिल्यांदा पातळ तपकिरी ओघळ पार भुवईपर्यंत आला, दुसऱ्यांदा अगदी जुन्या ब्रशचं एकच केस ठेवून काढली. चार स्वारांपैकी दोन पायउतार करून टाकले, पाय सरळ करायला गेलो तर एकाचा गुडघा तुटला, त्याच्या हातात काठी दिली.

पायपट्टीवाले नऊ खाकीत. बाबांनी सांगितलेले आणखी १२ मागवले, पार्सल कस्टममध्ये तीन आठवडे अडकलं. साहेबाने बंदुका बघून विचारलं की ही शस्त्रास्त्रं आहेत का. सव्वा इंची माणूस दाखवला, तो भिंगातून बघून म्हणाला, ‘डोळे कोणी काढले?’ तो नमुना मी रंगवून नेला होता. पक्यादादा, हे तुमचं श्रेय.

केशरी पगडीवाल्याचं काय करायचं ठरत नव्हतं. पुसून खाकी केला असता. पण नीट बघितलं तर खालून केशरी, वरून खाकीचा पहिला पातळ हात, असा तो अर्धवट चार दिवस टेबलावर उभा होता आणि घड्यांत केशरी राहिलेली उलट बरी दिसायला लागली. मग दुसरा हात फक्त उंचवट्यांवर दिला.

राहता राहिला म्हातारा. तो कोण?

तोफखाना_नगर
विचारताय काय! पांढरी दाढी, उपसलेली तलवार, एकटा. शामसिंग अटारीवाला. सोबराँव, १० फेब्रुवारी १८४६. म्हातारपणी पांढरे कपडे घालून आला, मागे सतलजवर होड्यांचा पूल होता तो तुटला, हा मागे फिरलाच नाही. अंगभर पांढरा द्या.

लीड्सकर
पांढरा थेट पांढरा देऊ नका हां. आधी राखाडीत थोडा मातकट, वरच्या घड्यांवर मोडका पांढरा, शुद्ध पांढरा फक्त खांद्याच्या काठाला.

पेणचा_पक्या
आणि दाढी कपड्यापेक्षा एक छटा गार ठेवा, थोडं निळं टाका, नाहीतर दाढी आणि अंगरखा एक होईल. डोळे सगळ्यात शेवटी. त्या दिवशी चहा हातात आणून द्यायला सांगा कोणाला तरी.

कुंचलेश्वर
आईला सांगितलंय. स्टीलच्या कपात.